अकरा ऑक्टोबरचा जबाब

पिंपळदरा, ता. केज, जि. बीड
१८ फेब्रुवारी १९७३, रविवार

चि. राधाकिशन,

आशीर्वाद. घरात सगळी माणसं आहेत, बैल एकच राहिला आहे, विहिरीत कळशी बुडत नाही. ही झाली खुशाली. आता मुद्दा.

परवा शुक्रवारी, सोळा तारखेला, सकाळी साडेदहाला पाझर तलावाच्या कामावर जीप आली. मी हजेरी घेत होतो. सोसायटीची चिटणिशी माझ्याकडे आहेच. या दुष्काळी कामावर सहाशे बारा माणसं लागली तेव्हा हजेरीही तहसीलदारांनी माझ्याच गळ्यात घातली, कारण तालुक्यात बिनचूक हजेरी दुसऱ्या कुणाची नाही. जीपमधून केजचा जमादार उतरला आणि सोबत एक अनोळखी माणूस. कपडे साधे, पण बुटात तोंड पाहून घ्यावं. त्यानं तुझं नाव घेतलं. राधाकिशन आप्पाराव, हवाई दल. मुलगा कसा, संगत कुणाची, घरावर कधी खटला झाला का, नातलगांत कुणी परदेशी आहे का. दीड तास. लोकांनी टोपल्या खाली ठेवल्या. बायनाबाई सुईण माझ्या तोंडावर म्हणाली, "अर्जुनराव, पुतण्यानं इमान इकलं का काय?" सगळे हसले. मी हसलो नाही.

विचारलेल्याची उत्तरं मी दिली. आता तू माझ्या विचारण्याची दे. दोन जानेवारीच्या तुझ्या पत्रावर टपालाचा शिक्का एकोणीस जानेवारीचा आहे. सतरा दिवस पत्र कुणाच्या खिशात होतं? पत्त्यात गाव नाही, जिल्हा नाही, नुसता आकडा. विमान चालवत नाहीस, दुरुस्त करत नाहीस आणि बंदूक हातात घेत नाहीस, हे तूच तीन निरनिराळ्या पत्रांत लिहिलं आहेस. तारखा माझ्याजवळ आहेत. मग सात वर्षं तू करतोस तरी काय?

वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही. तुझी पत्रं तिला मीच वाचून दाखवतो, तेव्हा काय वाचायचं ते मी ठरवीन. काय केलंस ते आधी मला कळव.

अर्जुनराव

*

द्वारा ५६ ए.पी.ओ.
३ मार्च १९७३

ती. तात्या,

पाया पडतो. मी काही केलेलं नाही. उलट आनंदाची गोष्ट आहे, पक्की झाल्याशिवाय लिहायची नाही म्हणून थांबलो होतो. माझी अधिकारी म्हणून निवड झाली आहे. कॉर्पोरलचा अधिकारी होताना घरादाराची चौकशी होतेच. बूट चकचकीत असलेला माणूस त्याचसाठी आला होता. पत्र सतरा दिवस का अडकलं म्हणता, तर आमची पत्रं आधी दुसरे डोळे वाचतात. हेही वाचतील. म्हणून जेवढं लिहिता येतं तेवढं लिहितो.

औरंगाबादेत भरती झालो, शिकवणी झाली, आणि मला एका मोठ्या काचेमागं उभं केलं. रडारवरून कानात आकडे येतात, कुठलं विमान कुठं, किती उंचीवर. ते मी काचेवर लिहायचे. अधिकारी काचेच्या पलीकडे बसतात, त्यांना सरळ दिसावं म्हणून मी उलटे लिहायचे. दोन वर्षं मी उलटं लिहिलं. मग रडारच्या पडद्यापुढं बसलो. पडद्यावर ठिपका उमटला की तो आपला की परका हे ठरेपर्यंत परकाच धरायचा. एकाहत्तरच्या लढाईत मी तिथंच होतो. आता त्याच्या पुढची पायरी. वैमानिक वर असतो, त्याला ढगापलीकडचं काही दिसत नाही. खाली बसलेला कंट्रोलर त्याला सांगतो: इतका डावीकडे वळ, इतका वर जा, समोर दहा मैलांवर आहे. तो न बघता वळतो. ती खुर्ची मला मिळायची आहे. आधी शिकवणी, मग परीक्षा, मग वर्षभर दुसऱ्याच्या नजरेखाली. त्यानंतर एकटं बसू देतात.

तात्या, त्या माणसानं काय काय विचारलं आणि तुम्ही काय काय सांगितलंत, ते शब्दाला शब्द कळवा. विशेषतः कागदावर काही लिहून दिलं असेल तर.

आपला
राधाकिशन

*

पिंपळदरा
१४ मार्च १९७३

चि. राधाकिशन,

पत्र तीनदा वाचलं. पटलं नाही.

निवड आनंदाची, तर चौकशीत मी काय बोललो याची तुला एवढी काळजी कशाला? सरळ माणूस एवढं विचारत नाही. गेल्या महिन्यात याच कामावर मी चौदा खोटी नावं पकडली. मुकादम मला रोज विचारायचा, "अर्जुनराव, आज कुठल्या टोळीची मोजणी?" तिथंच मला वास आला होता.

दुसरं, ते काचेमागचं उलटं लिहिणं. रझाकारांच्या काळात माझ्यावर वॉरंट निघालं. तेव्हा, आषाढ एकोणीसशे सत्तेचाळीसपासून बावन्नच्या संक्रांतीपर्यंत, मी नगरच्या छापखान्यात खिळे जुळवले. खिळ्यावरचं अक्षर उलटंच असतं. मी चौथीपर्यंत उर्दूत शिकलेला माणूस, मराठी वाचायला शिकलो तो मुळात उलटी. तेव्हा हे काम काय असतं ते मला कुणी सांगायला नको. येत्या पत्रात तीन ओळी उलट्या लिहून पाठव. बघू.

कागदाचं म्हणशील, तर होय, जबाब लिहून दिला. माझ्या अक्षरात, दोन पानं, एक खाडाखोड नाही. वर्तन उत्तम, व्यसन नाही, खटला नाही. फक्त एक चूक त्यांच्या कागदात होती ती दुरुस्त केली. जन्मतारीख एक जून अठ्ठेचाळीस लावली होती. ही बनसोडे मास्तरची करामत. चोपन्न साली तुला शाळेत मी नेलं. मी त्याला खरी तारीख सांगत होतो. तो म्हणाला, "वही ठेवा घरी." तुझा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून पाहिला आणि म्हणाला, "सहाचा हाय." त्या दिवशी अकरा पोरं घातली, अकराही एक जूनची. एकोणीस वर्षं ते मला सलत होतं. गावातला प्रत्येक जन्म मी त्रेचाळीस सालापासून माझ्या वहीत लिहिला आहे. तुझा: ११ ऑक्टोबर १९४६, शुक्रवार, कोजागिरीचा दुसरा दिवस, दिवस कासराभर वर आल्यावर. तो मी जबाबात लिहिला आणि खाली सही केली.

अर्जुनराव

*

द्वारा ५६ ए.पी.ओ.
२८ मार्च १९७३

ती. तात्या,

तुमच्या तीन ओळी सोबतच्या कागदावर आहेत. आरशाशिवाय वाचता येतील तुम्हाला.

तुम्ही काय केलंत ते ऐका. या निवडीला येत्या एक जुलैला वय सव्वीसच्या आत लागतं. शाळेच्या दाखल्यानं त्या दिवशी मी पंचवीस वर्षं एक महिन्याचा असेन. तुमच्या जबाबानं सव्वीस उलटून नऊ महिने व्हायला आलेले असतील. खुर्ची गेली. आणि नुसती खुर्ची नाही. भरती होताना मी एक जून अठ्ठेचाळीस लिहून खाली सही केली आहे. ती तारीख खोटी ठरली तर सरकारला खोटं लिहून दिल्याबद्दल मला घरी पाठवतील. परवा साहेबांनी बोलावून तुमची दोन पानं पुढं ठेवली. म्हणाले, "तुझ्या काकांचं अक्षर फार सुंदर आहे."

तुम्ही लिहून द्या की तारीख चुकली. वही जुनी आहे, घाईत पान चुकलं, काहीही.

आणि विचारू नये, पण विचारतो. हे तुम्ही जाणून केलंत का? बाबा गेले तेव्हापासून विहिरीकडचं शेत तुम्ही करता. अधिकारी झालेला पुतण्या उद्या वाटणी मागेल, कॉर्पोरल मागणार नाही, असं तर मनात आलं नाही? इतकी वर्षं मी पडद्यावरच्या ठिपक्याला आधी परका धरत आलो. ती सवय घरी आणू नये, हे मला कळतं.

राधाकिशन

*

पिंपळदरा
९ एप्रिल १९७३

राधाकिशन,

तीन ओळी वाचल्या. वळण पक्कं आहे, नऊचा आकडा तेवढा कच्चा. तू काचेमागं उभा होतास, ही गोष्ट मान्य.

शेताचं लिहिलंस. सातबारा काढून पाहा. पहिलं नाव वहिनीचं, दुसरं तुझं, माझं नाव त्यावर नाही. बासष्ट साली ती नोंद मीच घालून घेतली, तलाठ्याकडे चार खेपा मारून. यापुढे त्यावर बोलणार नाही.

जबाबाचं. माझं चुकलं असतं तर मी लिहून दिलं असतं. चुकलेलं नाही. न चुकलेलं चुकलं म्हणून लिहू, तर मग त्या चौदा नावांच्या मुकादमानं काय वेगळं केलं? तोही हेच म्हणत होता, "नाव हाय, माणूस न्हाई, कुणाचं काय गेलं?" त्याला मी कामावरून काढलं. ज्यांची नावं त्यानं लावली होती ती चौदा घरं आजही माझ्याशी बोलत नाहीत. कामावर खायला सुकडी वाटतात, त्या रांगेत बाया मला बघून पाठ फिरवतात. ते मी सोसतो आहे, आणि घरच्या पोरासाठी तेच करू?

वाईट वाटतं. पण तारीख ती आहे.

अर्जुनराव

*

द्वारा ५६ ए.पी.ओ.
२० एप्रिल १९७३

तात्या,

लेखी विचारणा आली आहे. एकतीस मेपर्यंत वयाचा समाधानकारक खुलासा आला नाही तर निवड रद्द, आणि पुढची कारवाई वेगळी.

तुमच्याकडे आता काही मागत नाही. एकच करा. हे पत्र मायला वाचून दाखवा. माझी आधीची दोन पत्रंही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, काही न गाळता. तुम्ही गाळता हे तुम्हीच लिहिलं आहे. पोराची नोकरी जाते आहे हे तिला कळायला हवं, आणि कशामुळं तेही.

राधाकिशन

*

पिंपळदरा
६ मे १९७३

चि. राधाकिशन,

हे पत्र लांब होईल. सावकाश वाच.

तुझी पत्रं मी वहिनीला वाचून दाखवली. घरी नाही, तीही टोपल्या वाहते त्या कामावरच, दुपारच्या सुट्टीत, लिंबाच्या झाडाखाली. शेताबद्दल तू मला जे लिहिलंस तेही वाचलं. तिनं भाकरी खाली ठेवली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "भावजी, तुमी कोन्ती तारीक लिवली?"

मी सांगितली. कोजागिरीचा दुसरा दिवस, शुक्रवार.

"ती ह्याची न्हाई," ती म्हणाली. "ती त्याची हाय."

मी विचारलं, कुणाची. मग बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "पयला राधाकिशन. तुमी पळून गेलता ना, त्या साली पोळ्याला तापानं गेला. मग फुडच्या साली ह्यो झाला. ह्यांनी म्हनलं, नाव तेच ठिवू. सासूबाईंनी शपत घातली, गेल्याचं नाव काडायचं न्हाई, काडलं तर ह्यालाबी वडून नेईल. तवापून मी बोलले न्हाई. तुमाला कोन सांगनार? तुमी बावन साली आलते, पोरगं अंगणात खेळत होतं, तुमी म्हनले, राधाकिशन केवडा झाला. मी हो म्हनले."

मी तिला म्हणालो, "वहिनी, पोराला वाचवायला रचून तर सांगत न्हाई ना?" हो, असं विचारलं. तुला राग येईल, पण मला ते विचारावंच लागलं. आई पोरासाठी काय बोलणार नाही? तिनं उठून टोपली घेतली.

मी म्हणालो, पुरलं कुठं ते दाखव. तिनं हात केला. तलावाच्या भिंतीचा मधला भाग. दोनशे माणसं तिथं मातीची दबाई करत होती. गेल्या डिसेंबरापासून त्यावर वीस फूट माती आम्हीच टाकली आहे, आणि त्या मातीवर रोज माती टाकणाऱ्यांत ती होती. पाच महिने. एक शब्द बोलली नाही.

म्हणजे पुरावा नाही. मग बायनाबाईला गाठलं. या गावची सगळी बाळंतपणं तिच्या हातची. वहिनीनं काय सांगितलं ते तिला कळू न देता विचारलं, मी गावी नसताना माझ्या भावाच्या घरी काय झालं. ती म्हणाली, "तुला आत्ता इचारायचं सुचलं व्हय बे? तुझ्या वहीत बाया लिवत न्हाईत, म्हून तुला म्हाईत न्हाई." आणि सांगितलं. दुसरं पोर मी गेल्याच्या पुढच्या साली, आखितीनंतर आणि मृग निघायच्या आधी झालं. सकाळी, गोठ्यात. वहिनी म्हणते दुपारी, बांधावरच्या खोपीत. बायनाबाई म्हणते बाळामागची वार उशिरा पडली, वहिनी म्हणते लगेच. दोघींचं साल एक, बाकी काहीच जुळत नाही.

तुला वाटेल, इथं मी जबाब फेटाळला असेल. उलट. त्या चौदा खोट्या नावांचे अंगठे मी पाहिले होते. सगळे एका रांगेत, एका शाईत, कुठं फरक नाही. शिकवून आणलेली साक्ष तशी असते. या दोघींनी मिळून रचलं असतं तर गोठा की खोप एवढं तरी ठरवलं असतं.

मग मी बनसोडे मास्तरनं तुझा हात डोक्यावरून घेतलेला आठवला. माझ्या वहीप्रमाणं तू तेव्हा साडेसात वर्षांचा. साडेसातच्या पोराचा हात कानाच्या खाली उतरतो. तुझा जेमतेम टेकला होता. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मास्तर आडमुठा आहे एवढंच माझ्या डोक्यात होतं. आखिती ते मृग, म्हणजे मेच्या मध्यापासून सात जूनपर्यंत, यात त्याची एक जून बसते. हे मी आनंदानं लिहीत नाही.

काल दोघींना घेऊन केजला गेलो. तहसीलदारांपुढं प्रतिज्ञापत्र केलं. मजकूर असा: सोळा फेब्रुवारीच्या माझ्या जबाबातली जन्मतारीख चुकीची आहे. ती त्याच्या याच नावाच्या मयत थोरल्या भावाची आहे; त्याचा स्वतःचा जन्म अठ्ठेचाळीसच्या आखिती ते मृगामधला. त्या काळात मी गावी नव्हतो, आणि परत आल्यावर मी कुणाला विचारलं नाही. शेवटचं वाक्य तहसीलदार गाळा म्हणत होते. मी राहू दिलं. खाली वहिनीचा आणि बायनाबाईचा अंगठा आहे. रजिस्टर पोस्टानं तुझ्या साहेबांना धाडलं, पावती माझ्याजवळ आहे.

वहिनीला मात्र आता धास्ती बसली आहे. नाव काढलं म्हणून. एसटीतून उतरल्यापासून तीनदा तुझ्या फोटोवरून मीठमोहऱ्या उतरवल्या. खुलासा पोचला की दोन ओळी तिच्यासाठी वेगळ्या लिही. त्या मी गाळणार नाही.

अर्जुनराव

*

द्वारा ५६ ए.पी.ओ.
१९ जून १९७३

ती. तात्या,

मायला सांगा, मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो, ताप नाही, खोकला नाही. हे आधी वाचा.

खुलासा मान्य झाला. दहा तारखेला साहेबांनी बोलावलं, तुमचं प्रतिज्ञापत्र त्यांच्या टेबलावर होतं. कुणाकडून तरी त्यांनी ते इंग्रजीत करून घेतलं होतं. म्हणाले, "मी कुणाला विचारलं नाही, असं कागदावर लिहून देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतो." पंधरा जुलैला दक्षिणेत शिकवणीला निघायचं आहे. तिथून पास झालो तर ती खुर्ची.

शेताबद्दल जे लिहिलं त्याची माफी मागतो. सातबारा काढून पाहणार नाही.

एक विचारायचं आहे. पडद्यापुढं बसलो की कानात हेडफोन असतो आणि कुणी तरी माझं नाव पुकारतं. आठ दिवस झाले, मी हो म्हणायला अर्धा क्षण उशीर करतो. शेजारचा कॉर्पोरल विचारतो, झोप लागली का. पंचवीस वर्षं मी दुसऱ्याच्या नावाला हो म्हणत आलो, असं वाटतं. तो दिसायला कसा होता? तुम्ही त्याला आठ-नऊ महिने पाहिलं आहे. मायला विचारायचा धीर होत नाही.

आपला
राधाकिशन

*

पिंपळदरा
२ जुलै १९७३

चि. राधाकिशन,

तू विचारलंस म्हणून आठवून पाहिलं. खरं सांगतो, आठवत नाही. वेळ लिहिली, वार लिहिला, तिथी लिहिली. चेहरा लिहिलेला नाही. उजव्या पायाची करंगळी वर चढलेली होती असं अंधूक वाटतं. पण ती तुझीही तशीच आहे, तेव्हा तुझ्यावरूनच मला वाटत असेल. हा पुरावा धरू नकोस.

काल कामाला सुट्टी होती. वही घेऊन वहिनीकडे गेलो. म्हणालो, सेहेचाळीसची नोंद आता खोडतो आणि तुझी खरी लिहितो. ती म्हणाली, "खोडू नका. तोबी व्हता." बरं म्हणालो. खाली जागा ठेवून विचारलं, याची तारीख आठवते का, नक्की. आखितीपासून किती दिवस, वार कोणता, अंधारा पंधरवडा की उजेडाचा. ती खूप विचार करून म्हणाली, "ध्यानात न्हाई. धाकानं दिवस जायचे, कोन मोजतंय." मी लेखणी खाली ठेवली.

तेवढ्यात मी न विचारता ती बोलली. "त्याचं ध्यानात हाय. पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी. बैलांच्या शिंगाचा रंग निघाला नव्हता." घरी येऊन मी माळ्यावरचं सत्तेचाळीसचं पंचांग काढलं. पोळा रविवारी होता. तिसरा दिवस मंगळवारच. सोळा सप्टेंबर.

परत गेलो. म्हणालो, वहिनी, राधाकिशन अधिकारी होतोय, त्याच्या नावाची ओळ कोरी ठेवणं बरं दिसत नाही. मास्तरची एक जून लिहू का? की आधी त्या पहिल्याची, तो गेला त्या मंगळवारची लिहू?

ती ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्याची लिवा. ह्यो हाय की."

लिहिली.

अर्जुनराव